मेल्रोज, जेडबरा की केल्सो? स्कॉटिश बॉर्डर्समध्ये मुक्काम कुठे करावा

एडिनबराच्या दक्षिणेला, ट्वीड नदीच्या खोऱ्यात ही तीन जुनी बाजारगावं आहेत. कुठल्याही एका गावातून दुसरं 18 ते 23 किलोमीटरवर. तिन्ही गावांत बाराव्या शतकात राजा पहिला डेव्हिड याने स्थापन केलेल्या मठांचे अवशेष आहेत: केल्सो 1128, मेल्रोज 1136, जेडबरा 1138. चौथा मठ ड्रायबऱ्याचा. तो गावाबाहेर, नदीच्या वळणात आहे. कुठला मठ जास्त सुंदर, यावरून मुक्काम ठरवू नका, कारण कुठेही राहिलात तरी चारही बघता येतात. तुमच्याकडे गाडी आहे का आणि महिना कोणता, हे दोन प्रश्न आधी सोडवा.

गाडी नसेल तर मेल्रोज. दुसरा पर्याय शोधत वेळ घालवू नये. 1969 साली बंद झालेला रेल्वेमार्ग 2015 च्या सप्टेंबरात अंशतः पुन्हा सुरू झाला. एडिनबरा वेव्हर्लीहून ट्वीडबँक या शेवटच्या स्थानकापर्यंत साधारण तासाभरात पोचता येतं. रेल्वे मेल्रोजपर्यंत जात नाही, इथेच लोक फसतात. उरलेले सुमारे 3 किलोमीटर बसने जावे लागतात किंवा नदीकाठच्या वाटेने चालत. सामान घेऊन पावसात ही वाट नको. पण हाच तोटा फायद्यातही बदलता येतो. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचं ॲबट्सफर्ड हे घर ट्वीडबँकपासून चालत वीसएक मिनिटांवर आहे. त्यामुळे ते वेगळ्या फेरीसाठी न ठेवता पोचण्याच्या किंवा निघण्याच्या दिवशीच बघून टाकावं.

जेडबरा आणि केल्सो, दोन्हीकडे रेल्वे नाही. बस आहेत, पण रविवारी कमी होतात आणि संध्याकाळनंतर विरळ. जेडबऱ्याहून केल्सो आणि केल्सोहून ड्रायबरा असा दिवस बसने आखला की अर्धा दिवस थांब्यांवर जातो. मेल्रोजहून मात्र दोन्ही गावांकडे थेट बस निघतात, म्हणून तिथे राहून रोज एक दिशा धरणं जमतं.

आता मठांकडे. मेल्रोजची कोरीवकाम केलेली खिडकी, छतावर बॅगपाइप वाजवणारं डुक्कर आणि स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचं हृदय यांची प्रसिद्धी मोठी आहे. रॉबर्ट ब्रूसचं मानलं जाणारं हृदय ठेवलेली शिशाची पेटी 1921 मध्ये सापडली, 1996 मध्ये पुन्हा उकरून काढली गेली आणि 1998 मध्ये आवारातच पुरली गेली. तिथे आज कोरलेला दगड आहे. डोळ्यांना दिसतं ते बांधकाम मात्र बहुतांशी 1385 नंतरचं, कारण त्या वर्षी दुसऱ्या रिचर्डच्या इंग्लिश सैन्याने मठ जाळला. मेल्रोजला दुर्बीण न्यावी. डुक्कर आणि बाकीची शिल्पं इतकी उंच आहेत की नुसत्या डोळ्यांनी त्यातली गंमत कळत नाही.

तरीही वास्तू म्हणून समाधान देतो तो जेडबऱ्याचाच मठ. छत गेलेलं, पण चर्चच्या भिंती जवळजवळ पूर्ण उंचीवर उभ्या आहेत आणि मधल्या दालनाच्या तीन मजली कमानी एका रांगेत दिसतात. मध्ययुगीन चर्च आतून किती उंच वाटत असेल, हे इथे समजतं. मेल्रोजला ते मनाने पुरं करावं लागतं. केल्सोचा मठ एकेकाळी देशातल्या श्रीमंत मठांपैकी. आज त्याचा पश्चिमेकडचा भाग तेवढा शिल्लक आहे. प्रवेश फुकट आणि अर्धा तास पुरे. 1545 मध्ये इंग्लिश सरदार हर्टफर्डच्या स्वारीत तो उद्ध्वस्त झाला.

ड्रायबऱ्याला वॉल्टर स्कॉटची कबर आहे, पहिल्या महायुद्धातल्या फील्ड मार्शल हेगचीही. बरेच जण नकाशावर अंतर पाहून चुकतात. सेंट बॉझवेल्स गावाकडून मठ नदीपलीकडे अगदी जवळ दिसतो, पण तिथला झुलता पूल फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आहे. गाडीला दुसऱ्या पुलावरून वळसा घालावा लागतो. गाडी असेल तर मेल्रोजहून आधी लेडरफुटचा 19 कमानींचा रेल्वेपूल, मग बी6356 रस्त्यावर 'स्कॉट्स व्ह्यू' ही खोऱ्याचा देखावा दिसणारी जागा आणि पुढे ड्रायबरा, असा क्रम ठेवा.

केल्सोची बाजू गाडीवाल्यांसाठी भक्कम आहे. तिन्हींत खरा बाजारगावाचा बाज केल्सोलाच: दगडी फरसबंदीचा भव्य चौक आणि तो सोडून दोन मिनिटांत नदीकाठ, जिथे टेव्हियट ट्वीडला मिळते. अभियंता जॉन रेनीचा 1803 चा पूल मुद्दाम बघावा. लंडनचा जुना वॉटर्लू पूल बांधताना रेनीने याच घडणीचा मोठा अवतार उभारला. 1721 मध्ये सुरू झालेला फ्लोअर्स कॅसल गावाला लागूनच आहे, मेलरस्टेन हाउस आणि स्मेलहोम टॉवर गाडीने जवळ. स्मेलहोमच्या पायथ्याच्या शेतावर स्कॉट लहानपणी आजोबांकडे राहिला होता. अडचण हंगामाची. फ्लोअर्स, मेलरस्टेन आणि स्मेलहोम उन्हाळ्यापुरते उघडतात आणि मेलरस्टेन तर आठवड्यातले सगळे दिवसही नाही. नोव्हेंबर ते मार्च केल्सोत राहिलात तर आकर्षणाचा मोठा भाग कुलपात असतो. जुलैअखेरीस तिथलं शेतीप्रदर्शन आणि सप्टेंबरातला मेंढ्यांचा लिलाव असतो. त्या तारखांना खोल्या आधीच भरतात.

मेल्रोजलाही असे दिवस आहेत. सात खेळाडूंचं रग्बी इथेच 1883 मध्ये जन्मलं, आणि एप्रिलमधल्या त्या स्पर्धेच्या आठवड्यात खोली मिळणं कठीण. जूनमध्ये साहित्यमहोत्सव भरतो. गावामागच्या आयल्डन टेकड्यांवर जायचं असेल तर दोन ते तीन तास धरा. मधली टेकडी 422 मीटर उंच, सुरुवातीला पायऱ्या, नंतर चिखल आणि वाऱ्याला आडोसा नाही. साध्या बुटांनी घसरायला होतं. खाली न्यूस्टेडजवळ ट्रिमॉन्टियम ही रोमन छावणी होती. जागेवर आज शेतं दिसतात, म्हणून आधी गावातलं संग्रहालय बघावं, मग जागेवर जावं. उलट क्रमाने गेलात तर काय बघतोय तेच कळत नाही.

जेडबरा मी एका रात्रीसाठी सुचवेन, तेही इंग्लंडमधून ए68 रस्त्याने कार्टर बारची सीमा ओलांडून येणाऱ्यांना. मठ, स्कॉटलंडच्या मेरी राणीशी नातं सांगणारं सोळाव्या शतकातलं घर आणि जुन्या किल्ल्याच्या जागेवरचा 1823 चा तुरुंग, हे सगळं चालत एका दिवसात होतं. 1566 मध्ये मेरी इथून घोड्यावरून हर्मिटेज किल्ल्याकडे सरदार बॉथवेलला भेटायला गेली आणि परतल्यावर मरणाच्या दारी पोचली. हर्मिटेजला गाडीने जाताना शेवटचा रस्ता अरुंद आहे. समोरून वाहन आलं तर बाजूच्या रुंद जागेत थांबून वाट द्यायची, तिथे गाडी उभी करून फोटो काढायचे नाहीत. हाही किल्ला उन्हाळी.

मराठी वाचकाने तिथवर गेल्यावर आणखी दक्षिणेला लँगहोम गाठावं. 1818 मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती स्वीकारणारा आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला जॉन माल्कम याच परिसरातला. महाबळेश्वरचं माल्कम पेठ त्याच्याच नावाचं. गावावरच्या व्हिटा टेकडीवर त्याचा स्मारकस्तंभ उभा आहे.

मेल्रोज, जेडबरा, ड्रायबरा, स्मेलहोम आणि हर्मिटेज हिस्टॉरिक एन्व्हायरन्मेंट स्कॉटलंड या एकाच सरकारी संस्थेकडे आहेत. तीन किंवा अधिक ठिकाणी जाणार असाल तर सुटी तिकिटं घेण्याआधी तिच्या एक्सप्लोरर पासची किंमत ताडून बघा. दगड निखळण्याच्या धोक्यामुळे मठांचे काही भाग तपासणीसाठी कुंपण घालून बंद ठेवले जातात, तेव्हा आदल्या दिवशी त्या त्या ठिकाणची सूचना वाचा. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून दिवसाला एकच मठ धरा. जेवणाचंही आधी ठरवा: बहुतेक पबांमध्ये रात्री साडेआठनंतर स्वयंपाकघर आवरायला घेतात आणि सोमवार-मंगळवारी काही ठिकाणी ते उघडतच नाही.