वीटभिंतीचा सांधा: सिमेंटचा की लवचीक पॉलिमरचा?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती माळवदासकट (मातीच्या जड सपाट छतासकट) माणसांवर कोसळल्या. त्यानंतर मराठवाड्यात सिमेंटचं बांधकाम म्हणजे सुरक्षितता, हे मनात पक्कं बसलं. पण सिमेंटचा सांधा ताठ असतो. दाब तो उत्तम पेलतो, ताण मात्र फार थोडा. आरसीसी चौकट भूकंपात तिरकी होते, आत घट्ट बसवलेली वीटभिंत तिच्यासोबत वाकत नाही. मग कोपऱ्यांत दाब एकवटतो, तिरप्या भेगा जातात आणि कधी आख्खी भिंत चौकटीबाहेर पडते.

पॉलियुरेथेन या रबरासारख्या पॉलिमरचा लवचीक सांधा इथेच वेगळा वागतो. पोलंडमधल्या क्राकूव्हच्या तंत्रविद्यापीठात यावर बरंच काम झालंय. सिमेंटच्या मसाल्यापेक्षा हा पदार्थ शेकडो पटींनी मऊ. तुटण्याआधी तो दुपटीच्या आसपास ताणला जातो, त्यामुळे ताण एका जागी न साचता सांध्याच्या लांबीभर पसरतो. हादऱ्याची थोडी ऊर्जाही तो जिरवतो.

उणिवाही आहेत. तो महाग आहे, धुळकट विटेवर प्रायमरशिवाय धरत नाही आणि आगीत टिकत नाही. तापमान वाढलं की आणखी मऊ पडतो. लातूर-नांदेडच्या उन्हाळ्यात उघड्या पश्चिम भिंतीवर हे विसरून चालणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे: विटांमधले थर सिमेंटचेच ठेवा. चौकट आणि भिंत भेटतात तिथे, शाळा-दवाखान्यांत तरी, लवचीक सांध्याचा विचार स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून जरूर व्हावा. गावातल्या मातीत रचलेल्या दगडी भिंतीला मात्र आधी भिंतींना एकत्र बांधणारे आडवे पट्टे आणि आरपार जाणारे बांधदगड हवेत.