घेरदार फ्रॉक आणि एडिनबराचा हिवाळा: पायांच्या उबेसाठी घेतलेल्या वस्तूंचे परीक्षण

मला १९४० आणि १९५० च्या दशकांतील घाटाचे फ्रॉक आवडतात. कमरेला नेमके बसणारे, खाली पोटरीपर्यंत घेर असणारे आणि पुढे कापडाने मढवलेल्या गुंड्यांची रांग मिरवणारे. उन्हाळ्यात त्यांच्याविषयी कोणाला काही विचारावेसे वाटत नाही. नोव्हेंबर लागला की मात्र कचेरीतल्या मैत्रिणी न चुकता विचारतात, तुझे पाय गारठत नाहीत का? पहिल्या हिवाळ्यात ते गारठत होते. आता एडिनबरातला चौथा हिवाळा सुरू आहे आणि या काळात मी जे विकत घेतले, जे शिवून घेतले आणि जे मुकाट्याने कपाटाच्या तळाशी ढकलले, त्याचा हिशेब येथे मांडत आहे.

मी मूळची निफाडकडची. तिथेही द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात इतकी थंडी पडते. पण ती पहाटेची असते, ऊन वर आले की तिचा जोर ओसरतो. इथली थंडी दिवसभर मुक्कामाला असते. जानेवारीत भर दुपारीही पारा सात अंशांच्या आसपास राहतो, डिसेंबरात पावणेचारच्या आधीच सूर्य मावळतो, आणि या सगळ्यापेक्षा अधिक छळतो तो समुद्राकडून येणारा वारा. वेव्हर्ली स्थानकातून प्रिन्सेस स्ट्रीटवर येणाऱ्या पायऱ्या ज्यांनी चढल्या आहेत त्यांना हा वारा वेगळा सांगावा लागणार नाही. फ्रॉक घातलेल्या बाईशी त्याचे काही जुने वैर असावे. पँटच्या आत पायाभोवती हवेचा एक थर कोंडलेला राहतो व तो तापतो. फ्रॉक मात्र खालून उघडा असतो, त्यामुळे चालताना घेर हलला की तापलेली हवा बाहेर जाते आणि गार हवा आत येते. ही साधी गोष्ट लक्षात यायला मला दोन हिवाळे आणि बरेच पौंड लागले, कारण तोवर मी फक्त टाइट्सची, म्हणजे कमरेपासून पावलांपर्यंतच्या अखंड मोज्यांची, जाडी वाढवत बसले होते.

सर्वांत आधी घेतली ती आतून फ्लीस (मऊ लव असलेले कापड) लावलेली, पण वरून झिरझिरीत दिसणारी काळी टाइट्स. ही गेल्या काही वर्षांत ऑनलाइन सगळीकडे दिसते. जाहिरातीतल्या चित्रात काळ्या विरळ नायलॉनमधून पाय दिसतो आहे असे वाटते. प्रत्यक्षात जो दिसतो तो पाय नसतोच; ते आतले गुलाबीसर बदामी रंगाचे अस्तर असते, आणि तो रंग युरोपीय कातडी डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेला असतो. माझ्या गव्हाळ पायांवर ती चढवून मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा हात माझे आणि पाय दुसऱ्याच कोणाचे असे दृश्य होते. गुडघा वाकवला की तिथले काळे नायलॉन ताणून विरळ होते आणि बदामी ठिपका अधिकच उजळतो. ज्या दुकानातून घेतली त्याने गडद छटा उपलब्ध असल्याचे लिहिले होते, पण माझ्या मापात ती कधी आलीच नाही, आणि वापरलेली वस्तू परत घेणार नाही असे उत्तर मिळाले. तोवर मी ती एकदाच, घरातल्या घरात घातली होती.

रंगाचे दुःख बाजूला ठेवले तरी या टाइट्सविषयी माझे मत फारसे चांगले नाही. उभे असताना ती उबदार आहे, यात वाद नाही. परंतु फ्लीस म्हणजे पॉलिस्टर, आणि पॉलिस्टर घाम शोषत नाही. तापवलेल्या बसमध्ये वीस मिनिटे बसून लीथ वॉक या रस्त्यावर उतरले की मांड्यांच्या मागच्या बाजूला आलेला दमटपणा वाऱ्याने क्षणात थंड होतो, आणि आधी होती त्यापेक्षा जास्त थंडी वाजते. शिवाय आसन कमी उंचीचे असल्याने दुपारपर्यंत ती खाली सरकते व चालताना मांड्यांना दोरी बांधल्यासारखे होते. हल्ली मी ती पँटच्या आत, रात्री कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला जाताना घालते. त्या कामासाठी ती उत्तम आहे.

डेनिअरच्या आकड्याविषयी दोन शब्द सांगणे गरजेचे आहे, कारण खरेदी करताना बहुतेक जणी तोच पाहतात. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. त्यावरून टाइट्स किती दाट दिसेल याचा अंदाज येतो. ती किती ऊब देईल हे त्यावरून कळत नाही. माझ्याकडची १०० डेनिअरची नायलॉनची जोडी वाऱ्यापुढे उभी राहत नाही, आणि तिच्यापेक्षा फार जाड न दिसणारी लोकरीची जोडी राहते. घेताना आकड्याआधी धागा कोणता आहे ते वाचावे.

लोकरीच्या टाइट्सकडे मी उशिरा वळले, कारण किंमत. मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीची, थोडे नायलॉन व इलॅस्टिक मिसळलेली जोडी मला तीस पौंडांच्या आसपास पडली, म्हणजे फ्लीसच्या दुपटीहून अधिक. लोकर टोचेल ही भीतीही होती. पण मेरिनोचा तंतू इतका बारीक असतो की तो कातडीवर टेकताच वाकतो, टोचत नाही. टोचते ती जाड तंतूंची लोकर, आपल्या घोंगडीसारखी. लोकरीचा खरा गुण मला बसमध्ये कळला. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही, त्यामुळे गरम बसमधून वाऱ्यात उतरताना पाय दमट नसतात. सबंध दिवस आत-बाहेर करावे लागणाऱ्या बाईसाठी एवढा एकच मुद्दा पुरेसा आहे. उभ्या उंचवट्यांच्या (रिब) विणीची, गडद तपकिरी रंगाची माझी जोडी १९४० च्या धाटणीच्या फ्रॉकखाली शोभतेही, कारण त्या काळच्या हिवाळ्यात बायका खरोखरच असे जाड मोजे घालत असत.

दोष आहेत. अंगठ्यापाशी दोन महिन्यांत भोक पडते आणि रफू करता येत नसेल तर ही खरेदी महागात जाते. कसर लागते, पहिल्या वर्षी सुटकेसमध्ये ठेवलेली एक जोडी मे महिन्यात चाळणी होऊन बाहेर आली. धुताना थंड पाणी, पिळायचे नाही, पंच्यात गुंडाळून दाबायचे आणि आडवे पसरून वाळवायचे. खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर टाकली तर ती आखडून कडक होते. हे सगळे करायला मी तयार आहे, पण प्रत्येक जण असेल असे नाही.

जुन्या फॅशनच्या निष्ठेपायी एक हिवाळा मी स्टॉकिंग (मांडीपर्यंतचे सुटे मोजे) आणि ते चापांनी वर धरून ठेवणारा कमरेचा सस्पेंडर पट्टा यांचाही प्रयोग केला. त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. स्टॉकिंग मांडीच्या मध्यावर संपते आणि जिथे ती संपते तिथेच वारा नेमका पोचतो. बसथांब्यावर उभे असताना धातूची चाप थंड होऊन मांडीला टेकते, तो क्षण मी शत्रूलाही इच्छिणार नाही. इथल्या ज्या बायकांच्या पेहरावाची मी नक्कल करते त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, कारण कमरेपर्यंतची अखंड टाइट्स बाजारात १९५९ नंतर रुळली. ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून मार्च १९४९ पर्यंत कपड्यांवर रेशनिंग होते आणि स्टॉकिंगच्या एका जोडीलाही कूपने मोजावी लागत. उन्हाळ्यात पायांना रस्सा दाट करण्याची तपकिरी पूड फासून, मागे भुवयांच्या पेन्सिलने शिवणीची रेघ ओढणाऱ्या बायकांची गोष्ट सगळे सांगतात. हिवाळ्यात ती रेघ काय कामाची, हे कोणी सांगत नाही. हिवाळ्यात त्या लोकरीचे किंवा जाड सुती मोजे घालत, वर गुडघ्यापर्यंत येणारी विणीची चड्डी घालत. लष्करी सेवेतल्या बायकांना मिळणाऱ्या अशा गडद चड्ड्यांना त्या थट्टेने, युद्धकाळातल्या सक्तीच्या अंधारावरून, ‘ब्लॅकआउट’ म्हणत.

ती चड्डी मी घेतली आहे, म्हणजे तिची आजची आवृत्ती: लोकर आणि रेशीम यांच्या मिश्रणाची, गुडघ्याच्या वर संपणारी. दिसायला अगदीच आजीबाईची आहे. पण ती टाइट्सवरून घातली की मांड्या, ओटीपोट आणि बैठक यांचा प्रश्न मिटतो, आणि टाइट्स खाली सरकत नाही हा वरचा फायदा. वाऱ्याने घेर उडालाच तर लाज राखली जाते तीही हिच्यामुळे. इतक्या थोड्या पैशांत एवढे काम करणारी दुसरी वस्तू माझ्या कपाटात नाही.

आता ज्या वस्तूमुळे खरा फरक पडला तिच्याकडे येते. ती म्हणजे परकर. फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसमध्ये फॅशनकार क्रिस्तियाँ दिओरने लांब, भरपूर घेराचे फ्रॉक मांडले, त्याच वेळी ब्रिटन विसाव्या शतकातल्या अत्यंत कडक हिवाळ्यांपैकी एकातून जात होते. २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत देशात कुठे ना कुठे रोज बर्फ पडत होता आणि कोळशाची टंचाई होती. कापडाची ती उधळपट्टी म्हणून अनेकांनी त्यावर टीका केली. मला मात्र थंडीत उभे राहून तो घाट पाहताना वाटते की पोटरीपर्यंतचा घेर आणि त्याखालचे थर ही निव्वळ चैन नसावी. थर म्हणजे कोंडलेली हवा. माझी आजी शेतात जायची तेव्हा तिच्या पायांभोवती सुती लुगड्याचे कितीतरी पदर असत, वर एक धाबळी, आणि पायांना थंडी वाजते असे तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाही.

जाळीचा फुगीर पेटीकोट, जो पन्नासच्या घाटाच्या फ्रॉकबरोबर विकला जातो, या कामाचा नाही. तो घेर बाहेर ढकलतो आणि वाऱ्याला आत येण्यासाठी दारच उघडून देतो. म्हणून आधी मी स्वतः फ्लॅनेलचा एक परकर शिवला. तो उबदार होता, पण फ्लॅनेल आणि लोकरीची टाइट्स एकमेकांना धरून बसतात, आणि शंभर पावले चालल्यावर सगळा परकर मांड्यांपाशी गोळा होतो. फ्रॉक पॉलिस्टरचा व टाइट्स नायलॉनची असेल तर याहून वेगळी पंचाईत होते: दोन्ही एकमेकांवर घासून विरुद्ध विद्युत्भार धरतात आणि फ्रॉक पायांना चिकटतो. मध्ये व्हिस्कोसचे (रेयॉनचे) किंवा सुती अस्तर घातले की हे बरेच कमी होते.

गेल्या दिवाळीत नाशिकला गेले तेव्हा या दोन्ही चुका मनात धरून मी घराजवळच्या शिंप्याकडे गेले. सहा कळ्यांचा परकर, आतून गुळगुळीत व्हिस्कोस, बाहेरून मऊ सुती, आणि गुडघ्याच्या थोडे वरपासून खाली दोन्हींच्या मध्ये कापसाचा पातळ थर, उभ्या-आडव्या टिपा मारून पक्का केलेला. त्यांनी माझे रेखाचित्र दोनदा उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “ताई, हा परकर की गोधडी?” मी म्हटले, “दोन्ही, काका.” कमरेपाशी मात्र त्यांनी माझे न ऐकता कापूस वरपर्यंत नेला नाही आणि नाडीऐवजी सपाट पट्टा व बाजूला हुक लावला, नेफ्याच्या चुण्यांनी फ्रॉकची कंबर बिघडली असती. त्यांचेच बरोबर होते. शिलाई आणि कापड मिळून जे झाले ते एका मेरिनो टाइट्सच्या किमतीपेक्षा कमी होते.

हा परकर घालून मी नोव्हेंबरपासून रोज कचेरीत जाते. कापसाच्या वजनामुळे घेर खाली ओढला जातो, त्यामुळे वाऱ्यात तो उडत नाही, फार तर डुलतो. चालताना टिपांच्या चौकटी पोटरीला हलकेच लागत राहतात. दोन अडचणी आहेत. बसमधल्या सीटवर जागा जास्त लागते, आणि पावसात काठ भिजला की कापूस वाळायला दीड दिवस घेतो. म्हणून पावसाच्या दिवशी मी जुना फ्लॅनेलचाच परकर, आतून अस्तर लावून, घालते. अरुंद घेराच्या फ्रॉकखाली यांतले काहीच जमत नाही. ज्यांच्याकडे चाळीसच्या दशकातले गुडघ्यापर्यंतचे, कापड वाचवून बेतलेले फ्रॉक आहेत त्यांनी लोकरीची टाइट्स आणि चड्डी यांवरच भर द्यावा.

पावलांविषयी थोडक्यात: घोट्यावर येणारे, नाड्यांचे चामडी बूट, आत लोकरी तळवा, आणि बूट अर्धा आकडा मोठा. घट्ट बुटात दोन जोड मोजे घातले तर बोटे उलट अधिक गारठतात. जुन्या घाटाचे बूट पाहायचे असतील तर ग्रासमार्केटमधले आर्मस्ट्राँग्ज आहे. ते दुकान १८४० पासूनचे आहे आणि तिथे फक्त हात फिरवायला गेले तरी तास जातो. लोकरीचे जुने परकर तिथे मला मिळाले नाहीत, बहुधा कसरीने खाल्ले असतील.

वेव्हर्लीच्या पायऱ्यांसाठी म्हणून पडद्यांच्या काठात घालतात ती वजनाची साखळीही मी फ्लॅनेलच्या परकराच्या काठात शिवून पाहिली. चढताना ती ठीक असते. उतरताना प्रत्येक पायरीला पोटरीवर आपटते. दुसऱ्याच संध्याकाळी मी ती उसवली आणि आता स्वयंपाकघराच्या खिडकीच्या पडद्याला लावली आहे.