टॉवेलचा कारखाना कोणाच्या हाती द्यावा: हुशार माणसाच्या की शब्दाला पक्क्या माणसाच्या?

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा कारखाना उभारलेल्या मालकाचे वय झाले की कारभार कोणाकडे सोपवायचा हा प्रश्न उभा राहतो, आणि त्या वेळी समोर अनेकदा दोन माणसे असतात. एक बोलता बोलता मोठी ऑर्डर मिळवणारा, पण दिलेली तारीख आणि ठरलेला दर्जा सोयीप्रमाणे बदलणारा. दुसरा विक्रीत बेताचा, पण बोलला ते करणारा.

विक्रीपुरते पाहिले तर पहिला सरस आहे. मंदीत माग चालू ठेवायला ऑर्डर लागते, नुसत्या सचोटीवर विजेचे बिल भरता येत नाही, हे मान्य करूनच पुढे जावे.

खरा फरक कारखान्याच्या आत पडतो. चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजन ठरलेले असताना ४७० ग्रॅमचा माल भरायला सांगितला, तर ते गिऱ्हाइकाच्या आधी मागावरच्या कामगाराला, तपासणीवाल्याला आणि घड्या घालणाऱ्या बायांना कळते. मालक गिऱ्हाइकाला फसवतो हे एकदा दिसले की तेही मालकापासून गोष्टी लपवू लागतात. रंगाची छटा चुकली, सुताचा लॉट बदलला, या बातम्या माल परत येईपर्यंत वर पोहोचतच नाहीत. शब्दाच्या पक्क्या माणसाला वाईट बातमी वेळेवर मिळते, आणि माझ्या मते चारित्र्याचा धंद्यातला सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

बाहेरची किंमतही लहान नसते. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीने, इजिप्शियन कापसाच्या म्हणून विकलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी व उशांच्या अभ्र्यांत दुसरा कापूस वापरल्याचे सांगून, वेलस्पन इंडिया या भारतीय कापड कंपनीशी व्यवहार तोडला आणि कंपनीच्या समभागाचा भाव काही दिवसांतच कोसळला. एवढी मोठी कंपनी तो धक्का पचवू शकली. वीस-पंचवीस मागांच्या कारखान्याला ते जमेलच असे नाही. शिवाय सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाचे सामाईक नाव, असल्यामुळे एकाच्या हलक्या मालाचा बट्टा शेजाऱ्यालाही लागतो.

देण्याघेण्यात दोघांची तुलना सोपी आहे. सूक्ष्म व लघु उद्योगाला देणे असलेले पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकवावेत, असे २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायदा सांगतो. रंगाई करणाऱ्या छोट्या कारखानदाराला कोण झुलवतो आणि कोण स्वतःहून फोन करतो, हे खातेवहीवरूनच कळेल.

दुसऱ्या माणसाबाबत एक सावधगिरी मात्र हवी. पुष्कळदा आपण भिडस्तपणालाच चांगुलपणा समजतो. उचल मागणाऱ्या प्रत्येकाला होकार देणारा आणि पगाराच्या दिवशी तोंड लपवणारा स्वभावाने गोड असला तरी शब्दाचा पक्का नव्हे. देवधर्म, निर्व्यसनीपणा यांवरूनही निर्णय करू नये. स्वतःच्या चुकीने माल बिघडला तेव्हा त्याने गिऱ्हाइकाला आधी कळवले की गिऱ्हाइकाने विचारल्यावर, एवढे मागील दोन-तीन प्रसंगांत तपासावे.

दुसरा या कसोटीला उतरला, तर धनादेशावरील सही आणि माल रवाना करण्याचा अंतिम अधिकार त्याच्याकडे द्यावा. पहिल्याला विक्रीवर ठेवावे, मात्र त्याचे कमिशन ऑर्डर मिळाल्यावर नव्हे, तर पैसे वसूल झाल्यावर आणि माल परत येण्याची मुदत संपल्यावर द्यावे.