आरएक्स १०० चं तयार रेस किट: चेंबर ठेवा, कार्ब बदला

यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाडीसाठी बाजारात तयार मिळणाऱ्या या किटात तीन वस्तू येतात: एक्स्पान्शन चेंबर (फुगीर एक्झॉस्ट पाइप), २८ एमएमचा कार्ब (कार्बोरेटर) आणि रीड ब्लॉक (मिश्रण फक्त आत जाऊ देणारी पाकळ्यांची झडप). सुट्या पाहिल्या तर तिन्ही चांगल्या. पण त्यांचा आरपीएम एकमेकांशी जुळत नाही, आणि ड्रॅगच्या (सरळ रस्त्यावरच्या शर्यतीच्या) गाडीत सगळा खेळ जुळणीचाच असतो.

आरएक्स १०० चं बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ५० × ५० एमएम. कंपनीची ताकद ११ पीएस, तीही ७५०० आरपीएमला. किटातला चेंबर पिस्टनच्या तोंडापासून रिव्हर्स कोनच्या (चेंबरच्या शेवटच्या निमुळत्या भागाच्या) मध्यापर्यंत ७८० एमएम भरतो. एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधून जळका वायू बाहेर जायचं भोक) क्रँकच्या फेऱ्यात जितके अंश उघडा राहतो, त्याला ४३,१८० ने गुणा आणि लांबीने भागा. १९० अंशांना उत्तर येतं साधारण १०,५००. म्हणजे चेंबर त्या आरपीएमसाठी बांधलाय. स्टॉक सिलिंडरवर तो लावला तर खालचा दम जातो आणि वरही काही हाती लागत नाही, कारण तिथे पोर्ट पुरेच पडत नाहीत.

म्हणून आधी डिग्री व्हील (क्रँकवर बसणारी अंशांची चकती) लावून पोर्ट मोजा. एक्झॉस्ट १९०, ट्रान्स्फर (ताजं मिश्रण आत येण्याचा पोर्ट) १३०, म्हणजे ब्लोडाउन, एक्झॉस्ट ट्रान्स्फरच्या जितका आधी उघडतो ते, फरकाच्या निम्मं, ३० अंश. या चेंबरला हे गणित शोभतं. पोर्टची वरची कड १ एमएम उचलली की साधारण साडेचार अंश वाढतात, तेव्हा ग्राइंडर जपून चालवा. रुंदी ३५ एमएमच्या पुढे नेऊ नका, रिंग पोर्टात अडकून तुटते. कडेला बारीक चॅम्फर (घासून केलेला उतार) हवाच. कॉम्प्रेशनसाठी सिलिंडरचा तळ कापणारे बरेच आहेत. त्याने सगळे पोर्ट खाली बसतात आणि केलेली मेहनत वाया जाते. कापायचं ते हेड. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घालून क्रँक फिरवा, चेपलेलं टोक (म्हणजे पिस्टन आणि हेडमधली फट) ०.८ ते ०.९ एमएम भरलं पाहिजे.

रीड ब्लॉक ही किटातली सगळ्यात चांगली वस्तू. पाकळ्या कार्बनच्या आहेत. दहा हजारांवर स्टीलची पाकळी तुटली तर तुकडा थेट आत जाऊन पिस्टन आणि बोअर खातो. कार्बनची आधी कडेला विसविशीत होते. धाग्यासारखी कड दिसली की लगेच बदला.

२८ चा कार्ब मात्र इथे पटत नाही. पूर्ण पोर्टिंग नसेल तर हवेचा वेग पडतो, गिअर टाकल्यावर गाडी बुडते. २४ किंवा २६ लावा. सुरुवात मोठ्या मेन जेटने (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल सोडणाऱ्या कार्बच्या नळीने) करा. पूर्ण थ्रॉटलवर पळवून क्लच दाबा, त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलेनच्या मुळाशी कॉफीरंगाची कडी दिसेपर्यंत जेट एकेक नंबर उतरवा. पांढरी पडली की तिथेच थांबा आणि दोन नंबर परत चढवा, नाहीतर पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने धरतो, म्हणजे तापून बोअरमध्ये अडकतो.