कर्बरॉस कुठून घ्यायचं: विंडोज, मॅक, लिनक्स की थेट सोर्स?

"मशीनवर कर्बरॉस टाकून घ्या, मग सर्व्हरला लॉगिन होईल." असा एका ओळीचा निरोप येतो आणि आपण ब्राउझर उघडून 'कर्बरॉस डाउनलोड' शोधायला लागतो. जे सॉफ्टवेअर आपला पासवर्ड हाताळणार, ते शोधात सगळ्यात वर आलेल्या कुठल्यातरी साइटवरून उतरवायचं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. त्यात गंमत अशी, की निम्म्याहून जास्त वेळा ते उतरवायची गरजच नसते. मशीनवर ते आधीपासून असतं, आपण फक्त विचारलेलं नसतं.

म्हणून टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी 'के-लिस्ट' (klist) ही कमांड चालवून बघा. तिकिटांची, म्हणजे लॉगिनच्या मुदतीच्या परवान्यांची, यादी आली, किंवा 'तिकीट नाही' असं उत्तर आलं, तरी काहीतरी बसवलेलं आहे एवढं कळतं. 'अशी कमांडच नाही' असं उत्तर आलं तर पुढचा विचार करायचा.

हे 'काहीतरी' सगळीकडे एकच नसतं, आणि गोंधळ त्यामुळेच होतो. १९८३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात प्रोजेक्ट अथेना सुरू झाला, त्यातून कर्बरॉस जन्माला आलं. ग्रीक पुराणात पाताळाच्या दाराशी बसणाऱ्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं ते नाव. काम थोडक्यात असं: पासवर्ड नेटवर्कवरून पाठवायचाच नाही, त्याऐवजी ठरावीक मुदतीचं तिकीट घ्यायचं आणि ते दाखवत फिरायचं. त्या काळी अमेरिकेबाहेर एन्क्रिप्शन पाठवण्यावर निर्यातबंदी होती, त्यामुळे एमआयटीचा कोड बाहेरच्यांना सरळ मिळत नसे. मग स्वीडनमध्ये हाइमडाल नावाचं स्वतंत्र कर्बरॉस लिहिलं गेलं. २००० साली निर्यातीचे नियम सैल झाले, पण तोवर दोन घराणी उभी राहिली होती. तिसरं मायक्रोसॉफ्टचं. विंडोज २००० पासून डोमेन (एका संस्थेच्या मशीनचं सामायिक क्षेत्र) लॉगिनसाठी त्यांनी स्वतःचं कर्बरॉस आणलं. पाचव्या आवृत्तीचा प्रोटोकॉल तिघांचा एकच, त्यामुळे सर्व्हरशी बोलताना सहसा अडत नाही. अडतं ते एकाच मशीनवर दोन घराणी नांदायला लागली की.

लिनक्सबद्दल फार लिहायला नको. पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर आणणारी लिनक्सची स्वतःची सोय, वापरा. डेबियन-उबुंटूत पॅकेजचं नाव 'केआरबी५-युजर' (krb5-user), फेडोरा आणि रेड हॅटमध्ये 'केआरबी५-वर्कस्टेशन' (krb5-workstation). पॅकेजची सही तपासायचं काम पॅकेज मॅनेजर स्वतः करतो, आणि उद्या एखादी सुरक्षा-चूक निघाली तर नेहमीच्या अपडेटमध्ये दुरुस्ती येऊन पडते. उबुंटूवर इन्स्टॉल होताना मध्येच एक चौकट उघडून 'डीफॉल्ट रेल्म' विचारते, तिथे बरेच जण थबकतात. रेल्म म्हणजे तुमच्या संस्थेच्या कर्बरॉस क्षेत्राचं नाव. ते बहुधा डोमेनसारखंच असतं, पण मोठ्या लिपीत. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक इथे खरोखर मोजला जातो, लहान लिपीत टाकलंत तर तिकीट मिळणार नाही. माहीत नसेल तर रिकामं सोडून पुढे जा, नंतर कॉन्फिग फाइलमध्ये भरता येतं.

मॅकवर तर उतरवायचं काहीच नाही. २०११ च्या लायन आवृत्तीपासून ॲपलने एमआयटीचं कर्बरॉस सोडून हाइमडाल घेतलं आणि ते सिस्टिममध्येच बसवलेलं असतं. तिकीट मागणारी 'के-इनिट' (kinit) आणि यादी दाखवणारी 'के-लिस्ट' टर्मिनलमध्ये थेट चालतात, शिवाय 'तिकीट व्ह्यूअर' नावाचं छोटं ॲपही आहे, स्पॉटलाइटमध्ये शोधलं की सापडतं. तरीही लोक होमब्रू या मॅकसाठीच्या पॅकेज मॅनेजरने एमआयटीचं कर्बरॉस आणतात, कारण कुठल्यातरी सूचनापत्रात तसं लिहिलेलं असतं. होमब्रू ते आणतं, पण सिस्टिमच्या कमांडवर चढवत नाही, बाजूला ठेवतं, आणि ते बरोबरच आहे. तुम्ही हाताने पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत, कुठल्या क्रमाने शोधायची ती यादी) बदलून ते पुढे आणलंत, की एका घराण्याने घेतलेलं तिकीट दुसऱ्याला दिसेल याची खात्री उरत नाही. एमआयटीचाच एखादा खास पर्याय हवा असेल तरच या वाटेला जा.

विंडोजवर मात्र खरंच निवड करावी लागते.

मशीन संस्थेच्या डोमेनमध्ये असेल तर विषय संपला. सकाळी लॉगिन केलंत तेव्हाच तिकीट मिळालं, वेगळं काही टाकू नका. प्रश्न येतो तो स्वतःच्या लॅपटॉपवरून दुसऱ्याच रेल्ममध्ये जायचं असतं तेव्हा. विंडोजमध्ये स्वतःची 'के-लिस्ट' असते, पण 'के-इनिट' नसते. अशा वेळी दोन वाटा आहेत: एमआयटीचा 'कर्बरॉस फॉर विंडोज' इन्स्टॉलर, किंवा विंडोजच्या पोटातलं लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल.

तुमचं काम एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची पद्धत) आणि कमांड लाइनपुरतं असेल तर मी डोळे झाकून डब्ल्यूएसएल सांगेन. आत उबुंटू, त्यात वर सांगितलेलं पॅकेज, अपडेटची चिंता नाही. पण तिथलं तिकीट विंडोजच्या ब्राउझरला किंवा पुटी या एसएसएचच्या ॲपला दिसत नाही. ते हवं असेल तर एमआयटीचा इन्स्टॉलर लागतोच. त्याच्यासोबत येणारा 'तिकीट मॅनेजर' वापरायला सोपा आहे, तिकीट संपत आलंय हेही समोर दिसतं. पुटीच्या सेटिंगमध्ये जीएसएसएपीआयसाठी (ॲपने कर्बरॉसशी बोलायची ठरलेली पद्धत) एमआयटीची लायब्ररी निवडता येते. फायरफॉक्सलाही विंडोजची स्वतःची व्यवस्था बंद करून इकडे वळवता येतं. उणी बाजू अशी, की हा इन्स्टॉलर एमआयटीच्या मूळ सोर्सच्या बराच मागे राहतो आणि स्वतःहून अपडेट होत नाही. नवीन आवृत्ती आली का, हे अधूनमधून तुम्हीच बघायचं.

यात एक खड्डा आहे, माझी अख्खी दुपार त्यात गेलेली आहे. तिकीट मॅनेजर उघडा, रिकामा. 'के-इनिट' चालवायचं, पासवर्ड द्यायचा, तक्रार काहीच नाही. पुन्हा बघावं तर मॅनेजर रिकामाच. दोनदा काढून पुन्हा टाकलं, मशीन रीस्टार्ट केलं, सगळे देव पाण्यात घातले. शेवटी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर के-इनिट' टाकलं तर दोन ओळी आल्या. वरची ओळ जावाच्या डेव्हलपमेंट किटच्या फोल्डरमधली! जावासोबतही त्याच नावाची कमांड येते आणि ती तिकीट युजरच्या फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये ठेवते. मी पाथमध्ये जावाला हाताने सगळ्यात पुढे बसवलं होतं, तेव्हा चूक माझीच. एमआयटीचं फोल्डर वर सरकवलं आणि पुढच्या मिनिटाला तिकीट दिसलं.

राहिला सोर्स. मूळ कोड उतरवायचा, 'कॉन्फिगर' आणि 'मेक' करायचं. शिकायला छान, सर्व्हर चालवणाऱ्याला कधीकधी आवश्यक, पण नुसतं लॉगिन करायचं असेल तर या फंदात पडू नका. तुम्ही स्वतः बांधलेल्या कर्बरॉसला सुरक्षा-दुरुस्ती कोणी घरपोच आणून देत नाही, आणि सहा महिन्यांनी ते मशीनवर आहे हेही आठवत नाही.

इन्स्टॉलर असो वा सोर्स, हाताने उतरवलेली फाइल तपासायची कशी? विंडोज, मॅक आणि सोर्स या तिन्हींत बराच फरक आहे. विंडोजवर सगळ्यात सोपं: फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'डिजिटल सिग्नेचर्स'. तो टॅबच नसेल, किंवा सही करणाऱ्याचं नाव प्रकाशकाशी जुळत नसेल, तर फाइल सरळ डिलीट करा. मॅकवर गेटकीपर हेच काम न विचारता करतो, फक्त त्याने अडवल्यावर सेटिंगमध्ये जाऊन 'तरीही उघडा' करायची घाई नको. सोर्सच्या बाबतीत मात्र जीपीजी या साधनाने सही स्वतः तपासावी लागते. 'गुड सिग्नेचर' असं येतं आणि त्याखालीच इशारा येतो, की या किल्लीवर, म्हणजे सही करणाऱ्याच्या डिजिटल किल्लीवर, विश्वास ठेवायला आधार नाही. हे वाचून लोक घाबरतात किंवा दुर्लक्ष करतात. अर्थ एवढाच, की सही त्या किल्लीची आहे हे नक्की, पण किल्ली कोणाची हे तुम्ही अजून पडताळलेलं नाही. किल्लीचा ४० अक्षरांचा फिंगरप्रिंट दुसऱ्या ठिकाणाहून मिळवून जुळवा. शेवटची ८ अक्षरं जुळवून भागत नाही, तेवढं जुळणारी बनावट किल्ली तयार करता येते.

फाइलशेजारी छापलेल्या शा-२५६ आकड्याला (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) लोक फारच महत्त्व देतात. डाउनलोड अर्धवट झालं का, हे त्यावरून कळतं. पण साइटच कोणी ताब्यात घेतली, तर फाइलसोबत तो आकडाही बदलणार. २०१६ च्या फेब्रुवारीत लिनक्स मिंटच्या साइटमध्ये घुसून डाउनलोडच्या लिंकाच फिरवल्या गेल्या होत्या. आणि सहीलाही मर्यादा आहेतच. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आवळून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला, तो खुद्द प्रकल्पातल्याच देखभाल करणाऱ्याने घातला होता. सही खरी, माल खोटा. तो वेळेत सापडला म्हणून बहुतेक लिनक्स वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत पोचलाच नाही, आणि पॅकेज मॅनेजरकडे माझा कल असण्याचं हेही एक कारण. मधे कोणीतरी थांबून बघतं.

सगळं बसवूनही तिकीट मिळालं नाही, तर पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी घड्याळ बघा. सर्व्हर आणि तुमचं मशीन यांच्यात ५ मिनिटांहून जास्त फरक असला, की कर्बरॉस साधारणपणे दारातूनच परत पाठवतं. झोपेतून उठवलेल्या लॅपटॉपवर आणि व्हर्च्युअल मशीनवर हे हमखास होतं. वेळ आपोआप जुळवण्याचं सेटिंग चालू करा, 'के-इनिट' पुन्हा द्या, 'के-लिस्ट' बघा. मुदत संपण्याची वेळ पुढची दिसत असेल, तर मघाचा तोच सर्व्हर आता पासवर्ड न विचारता आत घेईल.