क्लच पेडलची चाल ३४ मिमीने कमी केली : दहा महिन्यांनंतर

माझी उंची पाच फूट. गाडी डिझेल हॅचबॅक, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचची, आठ वर्षं जुनी, वॉरंटी कधीच संपलेली. सिंहगड रोड ते हिंजवडी, आठवड्याचे पाच दिवस. एका गुरुवारी सकाळी मी जाताना क्लच किती वेळा दाबला ते मोजलं होतं. २३१ वेळा.

पायाचं दुखणं होतंच, पण हा खटाटोप करायला लावला तो सीटने. क्लच तळापर्यंत दाबता यावा म्हणून सीट इतकी पुढे घ्यावी लागायची की छातीच्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत जेमतेम २१ सेंमी उरायचे. एअरबॅग नीट उघडायची तर हे अंतर किमान २५ सेंमी हवं. ब्रेक बराच वर घट्ट लागतो, त्यामुळे ब्रेकसाठी एवढं पुढे सरकायची गरज नव्हती. सगळं अडलं होतं क्लचच्या शेवटच्या दोन इंचांवर, आणि त्या दोन इंचांत क्लच काहीच काम करत नव्हता.

हे मोजल्यावर कळलं. फूटपट्टी पेडलला लावून पाहिलं : वरून खालपर्यंत पूर्ण चाल १४६ मिमी. सोडताना गाडी पकडायला लागते ती वरून ७० मिमीवर. क्लच पूर्ण सुटतो कुठे, म्हणजे इंजिन आणि चाकांचा संबंध कुठे पूर्ण तुटतो, ते शोधायला रिव्हर्स गिअर कामाला आला. बऱ्याच गाड्यांसारखा माझ्याही गाडीत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर आवाज न करता जुळवून घेणारा भाग) नाही, त्यामुळे क्लच जरा जरी धरून असला तर तो लगेच कर्र आवाज करतो. पार्किंगमध्ये, हँडब्रेक ओढून, पेडलखाली प्लायवूडचे तुकडे रचले आणि प्रत्येक उंचीला पेडल दाबून चार सेकंद थांबून हळूच रिव्हर्स टाकून पाहिला. ८४ मिमीला आवाज पूर्ण बंद. म्हणजे त्यापुढचे ६२ मिमी पाय नुसताच जात होता. (हे तुकडे फक्त उभ्या गाडीत. चाचणी संपली की मोजून बाहेर काढायचे. पेडलखाली सुटं लाकूड राहिलं तर काय होईल ते सांगायला नको.)

चाल दोन्ही टोकांनी कमी करता येते, पण वरच्या टोकाला मी हात लावला नाही, कुणी लावूही नये. मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला (पेडलने ढकलली जाणारी, तेलावर दाब देणारी दांडी) वर जो जरासा ढिलेपणा असतो, त्यामुळेच पाय काढल्यावर आतलं तेल टाकीकडे परत जायची वाट उघडी राहते. पेडल वरूनच खाली बसवलं तर ती वाट बंद होते, तेल तापून फुगतं, दाब आतच अडकतो आणि पाय न लावताही क्लच थोडा दाबलेला राहतो. प्लेट घसरून जळते. दुसरा मार्ग पेडलच्या दांड्याला नवीन भोक पाडून पुशरॉडची जागा बदलण्याचा. त्याने चाल कमी होते, पण तेवढाच जोर वाढतो. शिवाय पेडलच्या दांड्याला ड्रिल किंवा वेल्डिंग या विचारानेच माझ्या पोटात गोळा येतो. उरला तो खालचा अडसर : पेडल एका ठरावीक जागी थांबवायचं, बाकी कशालाही हात लावायचा नाही.

पहिला अडसर चुकला. अॅल्युमिनियमचा ठोकळा, वर चपलेच्या तळव्याचा तुकडा चिकटवून, पेडलखाली कार्पेटवर स्क्रूने बसवला. दोन आठवड्यांत चपलेचा फोम दबून पापड झाला आणि ठोकळा कार्पेटसकट सरकायला लागला. ब्रेकच्या दिशेने चार मिमी सरकलेला दिसला त्याच संध्याकाळी काढून टाकला.

मग वर, पेडल जिथे लटकतं तिथे पाहिलं. पेडलच्या बॉक्सला कंपनीचेच दोन बोल्ट आहेत. ते वापरून एक एल आकाराची पट्टी बसवता येत होती, आणि त्या पट्टीतून आलेला बोल्ट दांड्याला अडवू शकत होता. भोसरीला एका लेथवाल्या काकांकडे गेले. त्यांनी कागदावरचं चित्र पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, बिजागरीपासून किती लांब अडवणार?" मी म्हटलं ९० मिमी, आणि पाय पडतो तो २७० वर. "म्हणजे तीनपट. तुम्ही तीस किलोने पाय आपटला तर माझ्या पट्टीवर नव्वद किलो येणार. तीन मिमीची पट्टी वाकेल." तरी मी हट्टाने तीन मिमीचीच करून घेतली, कारण तेवढीच जागा आहे असं मला वाटत होतं. बरोबर नवव्या दिवशी वाकली. पुन्हा गेले. काकांनी काही न बोलता पाच मिमीची करून दिली, कोपऱ्याला आधाराची तिरकी पट्टी टाकून. ती आजपर्यंत केसभरही हललेली नाही.

बोल्ट एम-१० चा (१० मिमी जाड), बोहरी आळीतून आणलेला. पट्टीच्या दोन्ही बाजूंना नट आणि त्यांपैकी एक नायलॉक (धक्क्यांनी सैल न होणारा). टोकाला जुन्या सायलेन्सर हँगरच्या रबराचा गोल कापलेला तुकडा. ते रबर उष्णता आणि धक्के खाण्यासाठीच बनलेलं असतं. एम-१० चे साधे आटे दीड मिमीचे, म्हणजे बोल्टचा एक फेरा पायाखाली साडेचार मिमी. हा हिशेब डोक्यात असला की पुढचं सगळं सोपं. नट आणि पट्टी यांच्यावरून लाल नेलपॉलिशची रेघ ओढली आहे. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. सगळं मिळून खर्च ५०० रुपयांच्या आसपास, वाकलेल्या पट्टीसकट.

बसवलं आणि गाडी स्टार्टच होईना. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये म्हणून असलेला स्विच पेडलच्या शेवटच्या टप्प्यात दाबला जातो, आणि तो टप्पाच मी काढून टाकला होता. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने दोन वायर जोडून स्विच बाद करायचा सल्ला दिला. मी नकार दिला. घरात नऊ वर्षांची मुलगी आहे, तिला गाडीत बसून किल्ली फिरवायला आवडतं, आणि आम्ही गाडी उतारावर गिअरमध्ये उभी करतो. त्याऐवजी दांड्याच्या ज्या भागाने स्विच दाबला जातो तिथे नायलॉनची टोपी बसवली. आता स्विच ९४ मिमीवर लागतो, म्हणजे क्लच पूर्ण सुटल्यानंतरच.

पहिल्यांदा मी अडसर ९९ मिमीला लावला होता. क्लच सुटतो त्याच्यापुढे १५ मिमी शिल्लक, पुरे असं वाटलं. नोव्हेंबर ते एप्रिल काहीही त्रास नाही. मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर ट्रॅफिक तुंबला. पाऊण तास पहिला गिअर, हाफ क्लच, थांबा, पुन्हा पहिला गिअर. बाहेर ४० अंश असेल. चाळीसेक मिनिटांनी पहिला गिअर अडखळत पडायला लागला, आणि वर पोचल्यावर बाजूला घेऊन रिव्हर्स टाकून पाहिला तर कर्र. तापल्यामुळे क्लच सुटायची जागा खाली सरकली होती आणि माझे १५ मिमी त्यात संपले होते. तेलही तीन वर्षांचं होतं. क्लचचं तेल ब्रेकचंच असतं, हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. पाना गाडीत होता. तिथेच अडसराचा बोल्ट तीन फेरे मागे घेतला, साडेतेरा मिमी मिळाले, आणि साताऱ्यापर्यंत गिअर पुन्हा लोण्यासारखा.

तेव्हापासून अडसर ११२ मिमीला लावलेला आहे. तेल बदलल्यावरही मी चाल कमी केली नाही. अर्धवट सुटलेल्या क्लचवर गिअर टाकत राहिलं तर सिंक्रोनायझरच्या रिंगा झिजतात. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि पायाचे चार-पाच मिमी वाचवायला तो धोका घ्यायची माझी तयारी नाही. तेल बदलताना अडसर पूर्ण मागे घ्यावा लागतो, कारण हवा काढायला पेडलची पूर्ण चाल हवी. सर्व्हिसला गाडी देताना मी हे जॉबकार्डवर लिहून देते आणि तोंडीही सांगते.

आता फरक. सीट तीन खाचा मागे गेली. छाती ते स्टिअरिंग साडेपंचवीस सेंमी. मागे सरकल्यावर सगळ्यात आधी ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून पाहिला. गुडघा वाकलेलाच राहतो, म्हणजे अंतर बरोबर आहे. डाव्या पायाची टाच आता जमिनीवरच टेकलेली असते, आधी प्रत्येक वेळी उचलावी लागायची. संध्याकाळी मांडीच्या वरच्या सांध्यात जो ठणका असायचा तो जानेवारीनंतर गेला. पेडल हलकं झालेलं नाही. जोर तोच लागतो, फक्त कमी अंतर. मायलेज तेवढंच. क्लचप्लेट जास्त टिकेल असा दावाही मी करणार नाही, प्लेटचं आयुष्य हाफ क्लचवर ठरतं.

नवऱ्याला महिनाभर आवडलं नाही. त्याची उंची पाच फूट दहा, त्याला पेडल मध्येच भिंतीला लागल्यासारखं वाटायचं. सवय झाली. बाहेरच्या कुणाला गाडी देताना मात्र मी आधी शेजारी बसून एक फेरी मारते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नेलपॉलिशची रेघ पाहते, रिव्हर्सची चाचणी घेते आणि रबर व्हर्निअरने मोजते. दहा महिन्यांत आणि ९,४०० किमीत रबर एक मिमी दबलं, म्हणजे पायाखाली तीन मिमी चाल वाढली. ती मी तशीच ठेवली.

सोसायटीतल्या एका मैत्रिणीची गाडी हेच मॉडेल, तिचीही उंची माझ्याएवढीच. तिला माझी पट्टी जशीच्या तशी हवी होती. आधी फूटपट्टी लावली, तर तिचा क्लच सुटत होता १२४ मिमीला. अडसर लावायला जागाच नव्हती. तेल काळं पडलेलं, गाडी घेतल्यापासून कधी बदललेलं नाही. ते बदलून हवा काढल्यावर आकडा ८८ वर आला. मे महिन्याच्या उन्हात पुन्हा मोजू, मग काकांकडे जाऊ, असं ठरलं आहे. तोपर्यंत तिच्या पाठीशी एक जाड उशी दिली आहे.