ठुशी सोनाराकडे की डिझायनरकडे?

भाचीचं लग्न ठरल्यापासून आमच्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या घरात एकच वाद: दागिने जांभळी नाक्यावरच्या नेहमीच्या सोनाराकडे घडवायचे, की जुन्या शिल्पांवरून नक्षी उचलणाऱ्या डिझायनरकडे? मी दोन्हीकडे जाऊन आले.

सोनाराकडे ठुशी, बोरमाळ, पुतळीहार. 22 कॅरेट म्हणजे 916चा शिक्का आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. ती बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बोरमाळेच्या पोकळ मण्यांत लाख असते. पावतीवर निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या, कारण मोडताना लाख वजा होते आणि घडणावळही बुडते. एवढं सांभाळलं तर सौदा सरळ.

डिझायनरकडे मात्र प्रश्न वेगळे. तिने दाखवलेली कुंडलं कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या दंपतीशिल्पांवरून केलेली, साडेब्याण्णव टक्के चांदीवर सोन्याचा मुलामा. सुंदर आहेत, वाद नाही. पण दगडात दागिन्याची फक्त दर्शनी बाजू दिसते. मागचा फासा कसा, वजन किती, हे शिल्प सांगत नाही. ते डिझायनरने स्वतःच्या डोक्याने ठरवलेलं असतं. शिवाय त्या शिल्पातल्या कानांच्या पाळ्या ओघळलेल्या, आपल्या नाजूक! म्हणून कुंडलं अर्धा तास घालून बसा, मगच ठरवा. खऱ्या धातूच्या वस्तूवरून केलेलं काम मला जास्त भरवशाचं वाटतं. अशी वस्तू आपल्या शेजारीच सापडलीय: सोपाऱ्याच्या स्तूपात 1882 साली पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींना सोन्याची फुलं मिळाली. नक्षी नेमकी कुठून घेतली, हे डिझायनरला विचाराच. उत्तर नुसतं ‘पेशवाई’ आलं तर उठा.

रवाकाम, म्हणजे दागिन्यावर सोन्याचे बारीक रवे बसवून केलेली नक्षी, तीही भिंगातून पाहा. हाताने बसवलेले रवे सुटे, गोल दिसतात. साच्यात ओतलेले एकमेकांत मिसळलेले. रोमच्या कास्टेलानी सोनारांनी एकोणिसाव्या शतकात प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लोकांचं रवाकाम पुन्हा जमवण्यात कित्येक वर्षं घातली, तेव्हा हाताच्या कामाचे जास्त पैसे मागितले तर मी घासाघीस करणार नाही. साच्याच्या कामाला जरूर करेन.

मुलामा घामाने, अत्तराने उतरतो. त्यामुळे रोज गळ्यात राहणारी ठुशी सोनाराकडे, रिसेप्शनची कुंडलं डिझायनरकडे, असं आमचं ठरलं. आजीच्या तन्मणीला दोघांचाही हात लावायचा नाही. त्याचे मोती फक्त पटवेकऱ्याकडून गाठवून घ्यायचे आहेत.